हातातला मरीन रेडिओ: वापरायचा कसा, सांभाळायचा कसा

समुद्रात मोबाईल जवळ असताना वेगळा रेडिओ कशाला, हा प्रश्न हमखास येतो. रेंजचा मुद्दा आहेच, किनारा मागे पडला की मोबाईल गप्प होतो, पण खरा फरक दुसराच आहे. मोबाईलवरून तुम्ही एका माणसाला फोन करता आणि त्याने उचलला नाही की विषय संपला. मरीन व्हीएचएफवर, म्हणजे याच रेडिओवर, संकटाच्या हाकेसाठी असलेलं चॅनल १६ लावून बोललात की आसपासची मालवाहू जहाजं, मच्छीमार बोटी, किनाऱ्यावरचं स्टेशन, जे जे कोणी त्या चॅनलवर कान देऊन बसलेत त्या सगळ्यांना एकदम ऐकू जातं. आणि मदतीला पहिला पोचणारा माणूस दोन-चार मैलांवरून जाणारा कोणीतरी अनोळखी असू शकतो, त्याचा नंबर तुमच्याकडे कुठून असणार?

बरं, बोटीवर २५ वॅटचा मोठा सेट बसवलेला असला तरी हातातला लागतोच. मोठा सेट बोटीच्या बॅटरीवर चालतो आणि त्याचा अँटेना डोलकाठीवर असतो. बोटीत पाणी शिरलं, बॅटरी बुडाली किंवा डोलकाठी मोडली की तो सेट गेला, आणि नेमकी तीच वेळ मदत मागायची असते. हातातल्या सेटची बॅटरी त्याची स्वतःची, अँटेना त्याचा स्वतःचा, आणि बोट सोडून लाइफराफ्टमध्ये, म्हणजे जीव वाचवायच्या रबरी तराफ्यात, उतरावं लागलं तर तो तुमच्याबरोबर येतो.

आता रेंज. दुकानात पहिला प्रश्न असतो किती वॅट आणि किती किलोमीटर, पण हा रेडिओ साधारण १५६ ते १६२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो (चॅनल १६ म्हणजे १५६.८) आणि या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, पृथ्वीच्या गोलाईमागे फारशा वळत नाहीत. म्हणून अंतर वॅटपेक्षा उंची ठरवते. हिशोब सोपा आहे, अँटेनाची मीटरमधली उंची घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला साधारण ४.१ ने गुणा, तेवढे किलोमीटर तुमच्या बाजूचे, समोरच्याचे तसेच काढून बेरीज करा. लाइफराफ्टमध्ये बसून सेट पाण्यापासून १ मीटरवर धरलात तर तुमचे ४ किलोमीटर, समोर दुसऱ्या राफ्टमधला माणूसही तसाच बसलेला असेल तर दोघांचे मिळून ८. पण समोर २५ मीटर उंच अँटेनाचं जहाज असेल तर त्याचे २० आणि तुमचे ४ मिळून २४-२५ किलोमीटर होतात, आणि ३०० मीटरवरून उडणारं हेलिकॉप्टर असेल तर हिशोब सत्तरच्या पुढे जातो. हे कागदावरचे आकडे आहेत, ५ वॅट आणि बोटभर रबरी अँटेना घेऊन प्रत्यक्षात यापेक्षा कमीच मिळतं, पण दिशा कळते. पाण्यात तरंगताना सेट लाटेपासून ३० सेंटिमीटरवर असेल तर तुमच्या बाजूचे जेमतेम सव्वादोन किलोमीटर होतात, तोच हात वर करून १ मीटरवर नेला की जवळजवळ दुप्पट.

म्हणून बोलताना शक्य तेवढ्या उंचीवर जा, पण तोल सांभाळून. अँटेना सरळ उभा ठेवा, कारण जहाजांचे अँटेना उभे असतात आणि आडवा धरला की सिग्नल पडतो. सेट खांद्याला किंवा लाइफजॅकेटला अडकवलेला असेल तर हरवत नाही हे खरं, पण अंगाला चिकटलेला अँटेना अर्ध्या दिशांना तुमच्याच शरीराने झाकला जातो, तेव्हा संकटाचा कॉल द्यायचा असेल तर काढून हातात घ्या, अंगापासून लांब. अँटेना मुठीत पकडू नका.

सेट दोन प्रकारचे दिसतात. एक साधा, ५-६ वॅटचा, चार्ज होणाऱ्या लिथियम आयन बॅटरीवर चालणारा, सगळी चॅनल असलेला, काहींमध्ये जीपीएससुद्धा असतं. दुसरा तो केशरी किंवा पिवळा, जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, ठेवलेला असतो, जहाज सोडताना लाइफबोटीत घेऊन जायचा, त्याला जीएमडीएसएस (समुद्रातल्या संकटासाठीची जागतिक संपर्क यंत्रणा) हँडहेल्ड म्हणतात. हा सोलास या समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार सक्तीचा आहे, ३०० ते ५०० ग्रॉस टनाच्या मालवाहू जहाजावर किमान २, त्याहून मोठ्या मालवाहू जहाजांवर आणि प्रवासी जहाजांवर किमान ३.

या केशरी सेटसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने काय काय मागितलंय ते वाचण्यासारखं आहे. न शिकलेल्या माणसालाही तो चालवता आला पाहिजे. जाड हातमोजे घालून चालवता आला पाहिजे, आणि चॅनल बदलणं सोडलं तर बाकी सगळं एका हाताने. १ मीटरवरून कडक जमिनीवर पडला तरी चालू राहिला पाहिजे, १ मीटर पाण्याखाली ५ मिनिटं राहिला तरी आत थेंब जाता कामा नये, उन्हात तापलेला सेट एकदम गार पाण्यात पडला, ४५ अंशांचा फरक पडला, तरीही नाही. ऑन केल्यावर ५ सेकंदात तयार. कपड्याला अडकवायची सोय हवी, आणि टोकदार काही नको, राफ्टचं रबर फाटेल म्हणून. यातली एकेक अट बघा, प्रत्येक अट घाबरलेल्या, भिजलेल्या, गारठलेल्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून लिहिलीय. साधा सेट घेतानाही हीच नजर ठेवा असं मला मनापासून वाटतं, बाकीची फीचर्स नंतर.

बॅटरीच्या तासांकडे जरा नीट बघू, कारण तिथे गैरसमज फार आहेत. केशरी सेटची बॅटरी ८ तास चालली पाहिजे असा नियम आहे, पण ते ८ तास कसे मोजायचे तेही ठरलेलं आहे, दर मिनिटात ६ सेकंद बोलणं, ६ सेकंद ऐकणं आणि ४८ सेकंद नुसतं शांत बसणं. साध्या सेटच्या खोक्यावरचे तास तर बहुतेक वेळा ५ टक्के बोलणं, ५ टक्के ऐकणं आणि ९० टक्के शांतता असा हिशोब धरून छापलेले असतात. ५ वॅटवर बोलताना सेट दीड अँपिअरच्या आसपास करंट ओढतो आणि शांत बसलेला असताना त्याचा अगदी थोडासा भाग. म्हणजे बॅटरी खातं ते बोलणं. घाबरून सलग बडबडत राहिलात तर खोक्यावरचे १२ तास दोन-तीन तासांत संपतील. म्हणून सेटवर हाय आणि लो पॉवरची सोय असते, पहिला कॉल हायवर द्या, एकदा का कोणाशी संपर्क झाला आणि तो जवळ आला की लोवर, म्हणजे १ वॅटवर या, आणि अमुक वाजता परत बोलतो असं ठरवून घ्या. पण समोरच्याला न सांगता सेट बंद करू नका.

बटणांपैकी घोळ होतो तो स्क्वेल्चमध्ये. रेडिओ ऐकत असताना कायम एक खरखर चालू असते, ती कानाला नको म्हणून स्क्वेल्च असतं, चाळणीसारखं, ठरावीक ताकदीपेक्षा कमी जे काही येईल ते अडवतं. आता चाळणी फारच बारीक केली, म्हणजे स्क्वेल्च खूप वर नेलं, की खरखरीबरोबर लांबून येणारा अशक्त आवाजही अडतो आणि तुम्हाला वाटतं कोणी उत्तरच देत नाही. योग्य जागा शोधायची पद्धत अशी, स्क्वेल्च पूर्ण खाली आणा म्हणजे खरखर सुरू होईल, मग हळूहळू वाढवत जिथे खरखर नुकतीच थांबते तिथेच सोडा. संकटात असाल आणि उत्तर येत नसेल तर स्क्वेल्च पूर्ण उघडा, खरखर सहन करा आणि त्यात कोणाचा शब्द येतोय का ते ऐका.

बोलायचं बटण, म्हणजे पीटीटी, दाबलं की तुमचं ऐकणं बंद होतं. एका वेळी एकच जण बोलू शकतो. बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि तोच शब्द महत्त्वाचा असतो. तोंडापासून ५ सेंटिमीटर, माईकच्या थोडं बाजूने, म्हणजे श्वासाची फुंकर आणि वारा आत जात नाही. ओरडू नका, ओरडल्याने लांब जात नाही, फक्त आवाज फाटतो. बोलून झालं की बटण सोडा. हे सांगायची गरज वाटत नाही, पण खिशात किंवा उशीखाली दाबलं गेलेलं पीटीटी आसपासच्या सगळ्यांसाठी चॅनल १६ बंद पाडतं, आणि त्याच वेळी दुसरा कोणी बुडत असू शकतो.

आता कॉल. जिवाला किंवा बोटीला गंभीर आणि तातडीचा धोका असेल तेव्हा मेडे. मदत हवीय पण लगेच जिवावर बेतलेलं नाही, इंजिन बंद पडलंय, वाहत चाललोय पण खडक लांब आहेत, तेव्हा पॅन-पॅन, हेही तीन वेळा म्हणायचं. चॅनल १६, हाय पॉवर, आणि काहीसं असं:

मेडे, मेडे, मेडे. धिस इज सागरिका, सागरिका, सागरिका. मेडे सागरिका. माय पोझिशन इज फोर माइल्स वेस्ट ऑफ द लाइटहाउस (इथे त्या दीपगृहाचं नाव). वुई आर सिंकिंग. रिक्वायर इमिजिएट असिस्टन्स. सिक्स पर्सन्स ऑन बोर्ड. वन इंज्युअर्ड. ओव्हर.

एवढंच. कॉल साइन (बोटीच्या रेडिओचं ठरवून दिलेलं नाव) आणि ९ आकडी एमएमएसआय नंबर (रेडिओचा ओळख क्रमांक) असेल तर नावानंतर तोही सांगायचा. जीपीएसवर अक्षांश-रेखांश दिसत असतील तर एकेक आकडा सुटा करून सांगा. क्रम पाठ करायला जमत नसेल तर निदान हे लक्षात ठेवा की नावानंतर लगेच जागा. कारण सेट मधेच बंद पडला, हातातून निसटला, बॅटरी गेली, तरी जागा कळलेली असेल तर शोधायला येणाऱ्याकडे काहीतरी असतं. काय झालंय हे सविस्तर सांगण्यात पहिली वीस सेकंद गेली आणि जागा राहिली तर सगळं अवघड होऊन बसतं. इंग्रजी येत नसेल तरी गप्प बसू नका, मेडे हा शब्द जगभर सगळे रेडिओवाले ओळखतात, पुढचं तुमच्या भाषेत बोला, ऐकणाऱ्यांत कोणीतरी समजणारा निघू शकतो.

उत्तर नाही आलं तर थोडं थांबून परत द्या, आणि मधल्या वेळात तपासा की चॅनल खरंच १६ आहे का, पॉवर हायवर आहे का, कीलॉक, म्हणजे बटणांचं लॉक, लागलंय का, अँटेना घट्ट बसलाय का.

दुसऱ्या कोणाचा मेडे ऐकू आला तर आधी शांत राहा, जवळ कागद असेल तर जागा लिहून घ्या, किनाऱ्याचं स्टेशन उत्तर देतंय का बघा. कोणीच देत नसेल तर तुम्ही द्या आणि मेडे रिले म्हणून तो निरोप पुढे पाठवा. वर उंचीचा हिशोब सांगितला तो इथे कामाला येतो, राफ्टमधल्याचा आवाज तुमच्यापर्यंत आलाय पण किनाऱ्यापर्यंत पोचलेला नाही असं अगदी सहज होतं.

काही हँडहेल्डवर झाकणाखाली एक लाल बटण असतं, ते डीएससीचं, म्हणजे न बोलता डिजिटल निरोप पाठवायच्या सोयीचं. झाकण उचलून बटण काही सेकंद दाबून ठेवलं की सेट चॅनल ७० वर तुमचा एमएमएसआय, जीपीएसची जागा आणि वेळ असा डिजिटल निरोप पाठवतो, आणि कोणी पोच देईपर्यंत साधारण दर ४ मिनिटांनी आपोआप परत पाठवत राहतो. बोलता येत नसेल अशा जखमी माणसाला हे बटण फार मोठा आधार आहे. बटण दाबून झाल्यावर शक्य असेल तर चॅनल १६ वर तोंडी मेडेही द्यायचाच. दोन अटी मात्र आहेत. एक, एमएमएसआय आधीच सेटमध्ये भरलेला आणि तुमच्या देशातल्या खात्याकडे तुमच्या नावावर नोंदलेला हवा, सेकंडहँड सेट घेतलात तर त्यात जुन्या मालकाचा नंबर असू शकतो आणि शोध भलत्याच बोटीचा सुरू होईल. दुसरी, जीपीएसला मोकळं आकाश आणि थोडा वेळ लागतो, महिनोन्‌महिने बंद असलेला सेट ऑन केल्या केल्या जागा दाखवेलच असं नाही, म्हणून बोट सुटतानाच ऑन करून ठेवा. चुकून बटण दाबलं गेलं तर भीतीने सेट बंद करून गप्प बसायचं नाही, ॲलर्ट रद्द करायचा आणि चॅनल १६ वर सांगायचं की आमचा ॲलर्ट चुकून गेला होता, आम्ही ठीक आहोत. नाहीतर माणसं विनाकारण समुद्रात जीव धोक्यात घालतात.

लायसन्सबद्दल थोडक्यात, बहुतेक देशांत सेटला परवाना आणि चालवणाऱ्याला प्रमाणपत्र लागतं, ते करून घ्या. पण जीव धोक्यात असेल तेव्हा प्रमाणपत्र नसलेल्यानेही बिनधास्त सेट उचलून बोलावं, संकटात हाती असलेलं कुठलंही साधन वापरायला आंतरराष्ट्रीय नियम आडवे येत नाहीत.

आता सांभाळणं, आणि इथे खरा शत्रू मीठ आहे. खारं पाणी वाळलं की मिठाचे कण मागे राहतात, ते हवेतला ओलावा ओढून घेतात, आणि चार्जिंगच्या पट्ट्यांवर, अँटेनाच्या स्क्रूच्या मुळाशी हळूहळू हिरवट-पांढरा थर चढतो. म्हणून समुद्रावरून आलात की बॅटरी लावलेली आणि सगळी झाकणं बंद असताना सेट गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, जोराच्या फवाऱ्याने नाही, फवारा रबराच्या सीलमधून पाणी आत ढकलतो. मऊ फडक्याने पुसा, स्पीकर खाली करून दोन-चार वेळा हलका झटका द्या कारण जाळीत साचलेल्या पाण्याने आवाज दबका येतो आणि सेट बिघडला असं वाटतं. पूर्ण वाळल्यावरच बॅटरी काढा. पट्ट्या कोरड्या कपड्याने घासून पुसा आणि थेंबभर ओल असेल तरी चार्जरवर ठेवू नका.

बॅटरी काढलीच आहे तर तिच्या कडेचं रबरी सील बघा. एक केस, वाळूचा एक कण, एवढ्याने वॉटरप्रूफपणा संपतो. सीलवरून हाताचं बोट फिरवून बघा, कुठे चीर, चपटेपणा, कडकपणा जाणवतो का. खोक्यावर आयपीएक्स७ लिहिलेलं असतं म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, पण ती चाचणी नव्या सेटवर, स्थिर गोड्या पाण्यात होते, चार पावसाळे आणि दोनदा आपटणं सोसलेल्या सेटला तोच शब्द लागू होत नाही. सीलला पेट्रोल, थिनर, वॅसलीन असलं काही लावू नका, रबर फुगून खराब होऊ शकतं, कंपनीने सांगितलं असेल तर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात.

चार्ज होणाऱ्या बॅटरीचं वय वापरला नाही तरी वाढतंच, आणि उष्णतेने भराभर वाढतं. इंजिनरूम, उन्हात उभी गाडी, काचेखालचा डॅशबोर्ड या जागा टाळा. हंगाम चालू असेल तर कायम फुल ठेवा. काही महिने सेट ठेवूनच द्यायचा असेल तर निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून गार कोरड्या जागी, आणि अधूनमधून बघत राहा. खरेदीची तारीख मार्करने बॅटरीवर लिहून ठेवा. वर्षातून एकदा फुल चार्ज करून दिवसभर नुसतं ऐकत ठेवा, किती तास जातेय बघा, नवी होती तेव्हापेक्षा बरीच आधी मान टाकत असेल तर बदला. फुगलेली दिसली तर त्याच दिवशी बाजूला काढा. काही सेटना साध्या पेन्सिल सेलचा ट्रे मिळतो, तो जरूर घ्या, पॉवर कमी मिळते पण चार्जिंगशिवाय चालतो, मात्र सेल ट्रेमध्ये भरून वर्षभर ठेवू नका, गळतात आणि ट्रे खातात, वेगळे कोरड्या पिशवीत ठेवा.

केशरी सेटची आणीबाणीची बॅटरी मात्र वेगळी गोष्ट आहे. ती लिथियमची, चार्ज न होणारी, सीलबंद, आणि तिच्यावर मुदत छापलेली असते. सील तुटलं म्हणजे ती वापरली गेली असं धरून बदलायची, थोडीच वापरली असं म्हणून परत ठेवायची नाही. रोजच्या कामाला आणि चाचणीला सेटबरोबर येणारी चार्जेबल बॅटरी असते तीच लावा. जहाजांवर या सेटची महिन्यातून एकदा तरी चाचणी घ्यायची असते आणि ती चॅनल १६ सोडून दुसऱ्या चॅनलवर.

हीच शिस्त लहान बोटीवरही पाळा. रेडिओ चेकसाठी दुसरं कामाचं चॅनल आणि लो पॉवर वापरा, आणि निदान एखादा किलोमीटर लांब असलेल्या बोटीकडून पोच घ्या, कारण एकाच डेकवर दोन सेट समोरासमोर धरून बोललात तर अँटेना तुटलेला असला तरी आवाज येईल. अँटेना काढून ठेवला असेल तर पीटीटी चुकूनही दाबू नका, आतला ट्रान्समीटर जळू शकतो.

अजून एक सांगायचं राहिलं, किनाऱ्यापासून खूप लांब जाणार असाल तर फक्त या सेटवर विसंबू नका. तिथे ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला निरोप देणारा इपर्ब लागतो. उपग्रह शोधपथकाला तुमच्या भागात आणतो, आणि शेवटच्या काही मैलांत, तुम्ही आमच्या डाव्या बाजूला दिसताय, अजून उजवीकडे वळा, हे सांगायला हातातला व्हीएचएफ. हेलिकॉप्टर येत असेल तर किती माणसं, कोण जखमी, हे सगळं ते लांब असतानाच सांगून टाका, डोक्यावर आलं की पंख्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

आणि सेट ठेवायचा कुठे, तर जिथे अंधारात हात घातला की सापडेल तिथे, कुलूपबंद कपाटात नाही. तरंगणारा असला तरी दोरीने बांधा, वाऱ्याने तो तुमच्या पोहण्यापेक्षा वेगाने लांब जातो. बोटीचं नाव, कॉल साइन, एमएमएसआय आणि मेडेचा मजकूर एका कार्डावर लिहून लॅमिनेट करून सेटला अडकवा, आणि बोटीवर जो सगळ्यात कमी जाणकार आहे, पाहुणा असो की पहिल्यांदा आलेला खलाशी, त्याला निघण्यापूर्वी सेट हातात द्या. १६ चं बटण त्याने स्वतः शोधायचं, पीटीटीवर बोट न ठेवता कार्ड एकदा मोठ्याने वाचायचं, आणि ओल्या हाताने बॅटरीचं कुलूप लागलंय का ते चाचपून बघायचं. पाच मिनिटं लागतात.